जेवणानंतरचं गुलाबी एन्झाइम सिरप : कपात फर्स्ट क्लास, पोटात काठावर पास

५ पैकी अडीच स्टार. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं पुराण वाचायचं नाही ते मोकळे. लेबलवर जे लिहिलंय ते बाटलीत खरंच आहे म्हणून दोन, चवीला अर्धा, आणि उरलेले कापले कारण ज्या कामासाठी आपल्या कोल्हापुरात ही बाटली घरोघरी फ्रिजच्या दारात उभी असते ते काम मुळात तिचं नाहीच.

कंपनीचं नाव लिहीत नाही. असली सिरपं ढिगानं मिळतात, रंग कुणाचा गुलाबी कुणाचा केशरी, पाठीमागं बघितलं की थोड्याफार फरकानं तेच दोघं, डायस्टेज (स्टार्च फोडणारं एन्झाइम) आणि पेप्सिन (प्रोटीन फोडणारं). आमच्याकडं आणायचं कारण म्हणजे मामा, म्हणजे माझे सासरे. रविवारी तांबडा-पांढरा झाला की संध्याकाळी खुर्चीत पोटावर हात ठेवून बसायचं आणि "ते पचनाचं औषध आण जा गं जरा" म्हणायचं हा ठरलेला कार्यक्रम. घराजवळच्या मेडिकलमध्ये गेलं की पोरगा विचारतही नाही काय होतंय, पोटाचं म्हटलं की गुलाबी बाटली काउंटरवर. आणि त्या दिवशी तर त्यानं सोबत ॲसिडिटीचं चघळायचं पाकीट पण दिलं, "दोन्ही एकदमच घ्या काकी, लगेच आराम". त्या "दोन्ही एकदमच" वर खाली बोलायचंय मला, तो खरा विनोद आहे.

चव म्हणाल तर बरी आहे खरं गोड लई. बडीशेप आणि वेलदोड्याचा वास, घोट घेतल्यावर जीभ चिकट होते. टोपणाचं माप धड नाही, आतल्या रेघा दिसत नाहीत, आणि बाटलीच्या तोंडाला साखर जमून दुसऱ्याच दिवशी मुंग्या. शुगर असलेल्यांनी तर लेबल वाचल्याशिवाय तोंडाला लावू नये, बेस साखरेचाच असतो बहुतेकदा, आमच्या मामांना शुगर आहे हे त्या पोराला माहीत असायचं कारणच नाही कारण त्यानं विचारलंच नाही.

आता लेबल. माझ्या बाटलीवर होतं, दर ५ मिलीला फंगल डायस्टेज (१:१२००) ५० मिलिग्रॅम आणि पेप्सिन (१:३०००) १० मिलिग्रॅम. कंसातले आकडे लोक सोडून देतात, खरं गंमत तिथंच आहे. १:१२०० म्हणजे एक भाग डायस्टेज बाराशे भाग स्टार्च फोडू शकतं. ५० मिलिग्रॅमला १२०० नं गुणा, ६० ग्रॅम स्टार्च आलं. म्हणजे कागदावर एका चमच्यात एक दणदणीत भाकरी बसते. पेप्सिनचा हिशोब तसाच, १० मिलिग्रॅम गुणिले ३०००, ३० ग्रॅम उकडलेल्या अंड्याचं पांढरं. वाचायला झकास वाटतं, मात्र हा हिशोब लॅबमधल्या ठरावीक तापमानाचा, ठरावीक आम्लतेचा, ठरावीक वेळेचा आहे, मामांच्या पोटाचा नाही.

माझी नोकरी ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधली, त्यामुळं लेबलवर विश्वास ठेवायच्या आधी हात शिवशिवतात. घरीच बघितलं. भाताची पेज गाळून पाणी घालून पातळ केली, कोमट. तीन पांढरे चहाचे कप घेतले, स्टीलच्या वाटीत रंग नीट दिसत नाही. पहिल्यात नुसती पेज. दुसऱ्यात पेज आणि चमचाभर सिरप. तिसऱ्यात पेज आणि चमचाभर तेच सिरप पण आधी छोट्या पळीत खळाखळा उकळून गार केलेलं. तिन्ही कप परातीत कोमट पाण्यात ठेवले, जरा वेळ जाऊ दिला, आणि मग जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीन असतं ना त्याचा एकेक थेंब. पहिला कप शाई सांडल्यासारखा निळाकाळा. दुसऱ्यात थेंब पडला आणि लालसर तपकिरी होऊन बसला, निळ्याचा पत्ता नाही, कारण निळं होणारं स्टार्चच उरलं नाही, त्याचे तुकडे पडले. तिसरा परत निळाकाळा. हा तिसरा कप सगळ्यात महत्त्वाचा आहे हं, तो नसता तर कुणीही म्हणालं असतं की साखरेनं नाहीतर सिरपातल्या आणखी कशानंतरी आयोडीनचा रंग गेला असेल. साखर तीच, रंग तोच, वास तोच, फक्त उकळलं, आणि काम बंद. म्हणजे काम करणारी गोष्ट उष्णतेनं मरणारी होती.

एक सूचना, पेज वाफाळती असताना आयोडीन घालू नका, गरम पेजेत निळा रंग येतच नाही, गार झाल्यावर येतो, आणि उगाच तुम्हाला वाटायचं काय जादू झाली. आणि त्या कपातलं नंतर ओतून द्या, आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, एक कप चहाचा समजून जवळजवळ उचललाच होता.

एक कप फ्रिजमध्ये पण ठेवून बघितला, सिरप घालूनच. तो तेवढ्याच वेळानं जांभळट, अर्धवट. थंडीत एन्झाइम मरत नाही, नुसतं रेंगाळतं, बाहेर काढून कोमट केला की पुढं कामाला लागतं. साधारण दर १० अंशाला वेग दुपटीच्या आसपास जातो, हे आपल्या शरीराच्या तापमानाच्या थोडं पुढंपर्यंत चालतं, आणि त्याच्या पुढं एन्झाइमची घडी उलगडायला लागते. एन्झाइम म्हणजे शेवटी प्रोटीन, ठरावीक पद्धतीनं घड्या घातलेली लांब साखळी, त्या घडीत एक खाच असते आणि त्या खाचेत ठरावीकच पदार्थ बसतो. घडी मोडली की खाच गेली. उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही तसंच हे.

वेगाचं म्हणाल तर माणूस गार पडतो आकडे ऐकून. मटणातल्या प्रोटीनच्या साखळीत अमिनो ॲसिडचे मणी एकमेकांना जोडणारे बंध साध्या पाण्यात, साध्या तापमानाला, कुणाच्या मदतीशिवाय तुटायचे ठरवले तर निम्मे तुटायला शेकडो वर्षं लागतील. शेकडो वर्षं! शाहू महाराजांच्या काळात पाण्यात टाकलेला तुकडा अजून बराचसा तसाच असता (जंतू लागले नसते असं धरून). आणि आपण दुपारी खाल्लेलं मटण रात्रीपर्यंत जिरवून परत जेवायला बसतो. आपल्या रक्तात एक एन्झाइम आहे, कार्बोनिक अनहायड्रेज, त्याचा एक रेणू एका सेकंदाला १० लाखाच्या घरात कार्बन डायऑक्साइडचे रेणू उरकतो. एन्झाइम नवीन काही घडवत नाही, जे तसंही घडणार होतं तेच लवकर घडवतं. प्रत्येक रिॲक्शन सुरू व्हायला आधी थोडी ऊर्जा खर्चावी लागते, एन्झाइम ती गरज कमी करतं, आणि स्वतः खर्च होत नाही, एक झालं की दुसरा रेणू धरतं. म्हणून तर ५० मिलिग्रॅमच्या चिमटीत ६० ग्रॅमचं काम निघतं.

याचं उदाहरण आपल्याकडं शेतात उघड्यावर पडलेलं असतं. ऊस तोडून फडात दोन दिवस पडला की गुऱ्हाळवाला तोंड वाकडं करतो, माहिताय ना? उसातच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं, ऊस तोडला की ते साखरेचे दोन तुकडे करत सुटतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि ही फुटलेली साखर वाढली की गूळ नीट बसत नाही, मऊ पडतो, ओल धरतो. कारखान्याचा उतारा पण त्यानंच घसरतो, वरनं जंतू असतातच. म्हणून तोडल्यापासनं २४ तासात गाळायची घाई. काहिलीत रस तापला की एन्झाइमचा खेळ खलास.

हे सगळं कळायला जगाला बराच वेळ लागला. १८२२ मध्ये अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका पोराला बंदुकीची गोळी लागली आणि पोटाला पडलेलं भोक कधी बुजलंच नाही, तर डॉक्टर विल्यम बोमाँट त्या भोकातनं रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून आत सोडायचा आणि ओढून बघायचा किती जिरलं. पोटातला रस बाटलीत काढून त्यात मांस टाकून उबेत ठेवलं तर बाहेरही जिरत होतं. हे सगळं त्यानं १८३३ ला पुस्तकात छापलं, आणि नेमक्या त्याच वर्षी फ्रान्समध्ये पायें आणि पेर्सो या दोघांनी मोड आणलेल्या धान्याच्या अर्कातनं डायस्टेज काढलं. पेप्सिन १८३६ चं, थिओडोर श्वानचं. आणि बाटलीवर फंगल डायस्टेज असतं ना, ती बुरशीची आयडिया जोकिची ताकामिने या जपानी माणसाची, त्यानं १८९४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं, जपानात सोया सॉस आणि साके (तांदळाची दारू) ज्या बुरशीनं बनवतात तिच्यातनं डायस्टेज काढायचं. म्हणजे मामा जे टोपण पितात ते मॉडर्न वगैरे काही नाही, पणजोबांच्या काळचा माल आहे. जुना आहे म्हणून वाईट असं नाही म्हणत मी. मोठ्या अपेक्षा ठेवू नका एवढंच.

आता पोटात काय होतं.

पेप्सिन आधी घेऊ. पोट स्वतःच पेप्सिन बनवतं, भरपूर बनवतं, आधी बंद अवस्थेत सोडतं आणि आम्ल लागलं की ते चालू होतं. त्याला काम करायला पीएच दीड-दोन लागतो, म्हणजे कडक आम्ल. पीएच पाचच्या पुढं गेला, म्हणजे आम्ल सौम्य झालं, की जवळपास झोपतं. आता आठवा मेडिकलवाला पोरगा, एका हातानं पेप्सिनची बाटली आणि दुसऱ्या हातानं आम्ल मारायची गोळी. गोळीनं आम्ल कमी केलं की बाटलीतलं पेप्सिन तर झोपलंच, पोटाचं स्वतःचं पण झोपलं. पैसे दोन्हीचे घेतले. दुकानाचं नाव घेत नाही, असला सल्ला देणारा तो काही एकटा नाही. आणि छातीत जळजळ होणाऱ्यानं नुसतं पेप्सिन तरी कशाला प्यायचं, जळजळ म्हणजे आम्ल आणि पेप्सिनच वर अन्ननलिकेत आलेलं असतं, त्यात आपण वरनं आणखी ओततोय.

डायस्टेजची गोष्ट थोडी बरी. आपल्या लाळेत तसलंच एन्झाइम असतं, अमायलेज. भाकरीचा घास गिळायची घाई न करता चावत राहिलात तर गोडसर लागायला लागतो, तो त्याचाच प्रताप. पण लाळेतलं अमायलेज पोटाच्या आम्लात टिकत नाही, घासाच्या गोळ्यात मधोमध आम्ल पोचेपर्यंत जेवढं होईल तेवढं. बुरशीचं डायस्टेज आंबटात जरा जास्त तग धरतं, म्हणून औषधात तेच घालतात, हे शहाणपणाचं आहे आणि त्याचे मी मार्क दिलेत. खरं पुढं लहान आतड्यात स्वादुपिंड अमायलेज, प्रोटीन फोडणारं ट्रिप्सिन, तेल-तूप फोडणारं लायपेज असं सगळं इतकं उदारपणे ओततं की विचारू नका. स्वादुपिंडाची ९० टक्क्यांच्या आसपास ताकद संपते तेव्हा कुठं तेल न पचता शौचातनं पडायला लागतं. धडधाकट माणसाच्या आतड्यात एन्झाइमचा तुटवडा नसतो, आणि जिथं तुटवडाच नाही तिथं चमचाभर आणखी घालून वेग वाढेल कसा? गुऱ्हाळावर चरखा दुप्पट पळवला आणि काहील एकच असली तर गूळ दुप्पट निघतो का? रस नुसता तुंबून राहतो.

मामांची काहील म्हणजे पोट रिकामं व्हायचा वेग. तेलकट खाल्लं की पोट स्वतःच दार बारीक करतं, आतडं खालनं निरोप पाठवतं की दमानं सोड, तेल फोडायला वेळ लागतोय. तांबड्यावरची तर्री, मिसळीचा कट, वरनं आणखी कट मागून घेतलेला, ते सगळं तास न् तास पोटात बसतं आणि त्याला आपण जड झालंय म्हणतो. या बाटलीत तेलासाठी काय आहे? काहीच नाही. लायपेजचा थेंब नाही. स्टार्चवाला आणि प्रोटीनवाला कामगार आणून तेलाच्या ढिगापुढं उभे केलेत. तिखटाची आग तर आणखी वेगळी, मिरचीतलं कॅप्सेसिन सरळ नसांना चटका दिल्याचा भास करून देतं, त्याला स्टार्च फोडून काय फरक पडणार.

मग लोकांना बरं कसं वाटतं? वाटतं, मी नाही म्हणत नाही. बडीशेपेचा वास, वेलदोडा, चार ढेकर, आणि मुख्य म्हणजे तासाभरानं पोट तसंही हलकं होणारच असतं, क्रेडिट बाटलीला. आत्तींना विचाराल तर त्या शपथेवर सांगतील की यानंच बरं वाटतं. मी वाद घालत नाही, त्यांना शुगर नाही आणि घरात शांतता पण हवी.

मिसळीचं एक वेगळं सांगते कारण गॅसची तक्रार तिथनंच जास्त येते. मटकी, हरभरा, वाटाणा असल्या कडधान्यात रॅफिनोज घराण्याच्या साखरा असतात, त्या फोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात बनतच नाही, कुणाच्याच नाही, पैलवानाच्या पण नाही. त्या तशाच खाली मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जंतू त्याची पार्टी करतात, गॅस त्याचा. डायस्टेजला ही साखर फोडता येत नाही, त्याची खाच वेगळी. यावर अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं एन्झाइम लागतं, त्याच्या गोळ्या असतात, जेवणाच्या सुरुवातीलाच घ्यायच्या. खरं त्याच्याहून स्वस्त उपाय आपल्या घरात आहे, मोड. मटकीला मोड यायला लागले की बी स्वतःच ते एन्झाइम कामाला लावून या साखरा संपवायला लागते, कोंबाला वाढायला ती शिदोरीच असते. म्हणून मोड चांगले आलेली मटकी सोसते आणि घाईनं नुसती भिजवून शिजवलेली उसळ रात्री त्रास देते. भिजवलेलं पाणी फेकून द्या, थोड्या साखरा त्याच्याबरोबर जातात.

आणि दूध. गंगावेशीत संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशीच्या ताज्या दुधाचा ग्लास रिचवायचा ही कोल्हापूरची शान, आमच्या ह्यांना पण भारी हौस आणि घरी येईपर्यंत पोटात गुडगुड सुरू. त्यांनाही मामांनी हीच गुलाबी बाटली पाजली. काही उपयोग नाही, होणारच नव्हता. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती फोडायला लॅक्टेज लागतं, आणि जगातल्या बहुसंख्य माणसांत लहानपण सरलं की लॅक्टेज कमी कमी होत जातं. न फुटलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढतं, खाली जाऊन गॅस करतं. ही खरोखर एन्झाइम कमी पडल्याची केस आहे, आणि नेमकं तेच एन्झाइम गुलाबी बाटलीत नाही. लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात, त्या दुधाच्या पहिल्या घोटासोबत घ्यायला लागतात, नंतर घरी येऊन घेतल्या तर गाडी निघून गेलेली असते. आमच्या भागातल्या दुकानात नव्हत्या, मागवून घ्याव्या लागल्या, फरक पडला, त्याला मी चार स्टार देईन, एक स्टार किमतीमुळं कापला. आणि ज्यांना ताक-दही चालतं पण दूध चालत नाही त्यांचं गणित पण यातच आहे, दही लागताना बरंचसं लॅक्टोज जंतूंनीच संपवलेलं असतं आणि ते जंतू आपलं एन्झाइम सोबत घेऊन पोटात येतात.

पेप्सिनसारखं काम डोळ्यांनी बघायचं असेल तर बाटलीची गरज नाही, कच्ची पपई आणा. पालव्याचं मटण असलं तर लागत नाही, खरं बोकड जून निघाला की सालीसकट किसलेली कच्ची पपई चमचाभर चोळून ठेवायची. पपईच्या चिकात पपेन असतं, ते मटणाची प्रोटीनं कापायला लागतं. पेप्सिन आम्लावाचून हलत नाही, पपेनला तसली अट नाही, म्हणून ते पातेल्यातही काम करतं. जास्त घातलं किंवा रात्रभर विसरलं तर मटण पिठूळ होतं, चावायला काही उरत नाही. आणि एकदा फोडणीत पडून रटरटलं की पपेन संपलं, म्हणून शिजवायच्या आधी मुरवायचं, रश्श्यात वरनं टाकून काही होत नाही. याच पपेनच्या गोळ्या पण पचनासाठी विकतात, रंगीत डब्यात, किमती बघून घाम फुटतो.

शाकाहारी लोकांसाठी एक, पेप्सिन पारंपरिक पद्धतीनं डुकराच्या पोटाच्या अस्तरातनं काढतात. आमच्या शेजारच्या काकू उपवासाच्या दुसऱ्या दिवशी साबुदाण्यानं पोट फुगलं म्हणून हेच घेत होत्या, मी सांगितलं नाही अजून.

हं, आता ज्यांना खरंच गरज असते ते. स्वादुपिंडाला जुनी सूज असलेले, त्याचं ऑपरेशन झालेले, सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराची पोरं. त्यांना डॉक्टर पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल देतात, त्यात लायपेज, अमायलेज, प्रोटीन फोडणारी एन्झाइमं सगळी असतात (ती पण डुकराच्या स्वादुपिंडाचीच), आणि आतल्या बारीक गोळ्यांना असं आवरण असतं की पोटाच्या आम्लात ती फुटत नाहीत, पुढं आतड्यात पोचल्यावर उघडतात. कारण लायपेज आम्लात मरतं. त्या जेवताना घ्यायच्या, जेवणानंतर खुर्चीत बसून नाही, अन्नासोबत मिसळली पाहिजेत. ही खरी एन्झाइम ट्रीटमेंट, माणसाचं वजन परत भरतं यानं. गुलाबी बाटली आणि या कॅप्सूल एकाच कपाटात शेजारी ठेवतात म्हणून त्या एकाच लायकीच्या होत नाहीत. शौचाला तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं होत असेल, वजन उतरत असेल, तर मेडिकलच्या काउंटरवर न जाता डॉक्टरकडं जा. गिळायला त्रास, काळं शौच, रक्ताची उलटी, हे तर लगेच. मामांच्या वयात छातीत दडपून घाम आला तर ते पचनाचं समजून टोपण भरत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आमच्या घरात आता काय बदललं? मामांची बाटली शुगरमुळं बंद केली, कुरकुर झाली. रविवारी रस्सा आहेच, नुसती वरची तर्री पळीनं बाजूला काढते आणि जेवणानंतर खुर्चीऐवजी रंकाळ्यावर एक फेरी. त्यांच्या मते फेरीनं काही होत नाही, बाटलीच बरी होती.

तरी कुणाला घ्यायचीच असेल तर लहान बाटली घ्या. मोठी स्वस्त पडते म्हणून घेतली की ती सहा महिने पुरते, आणि एन्झाइम म्हणजे प्रोटीन हे वर सांगितलंच, एप्रिल-मेच्या उकाड्यात ओट्यावर गॅसशेजारी किंवा गाडीच्या डिकीत पडलेल्या बाटलीत शेवटी नुसता वेलदोड्याचा पाक उरतो. एक्सपायरी बघा, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून मगच झाकण लावा, नाहीतर मुंग्या.